मागच्या घरातली मालकीण

मुकुट घरी मुक्कामाला येणार असला की घरातल्या माणसांनी त्याच्यासाठी बाजूला सरायचे असते. हे डोना एतेल्विना ऑर्मोंड यांना कुणी शिकवावे लागले नव्हते. तेर्सेइरा बेटावर त्यांच्या आजीने हे केले, आईने केले, आणि समुद्र ओलांडून कॅलिफोर्नियातल्या या गोठ्यांच्या गावात संसार थाटल्यावर त्यांनी स्वतःही एकदा केले होते. पवित्र आत्म्याच्या सणाआधी सात आठवडे चांदीचा मुकुट सात घरी राहतो, आणि कुणाकडे कोणता आठवडा हे सणाच्या मंडळात चिठ्ठ्या काढून ठरते. शेवटचा आठवडा सर्वांत मानाचा. त्या वर्षी तो डोना एतेल्विनांच्या नावाने निघाला, तेव्हा मंडळातल्या निम्म्या बायकांनी त्यांचे अभिनंदन केले आणि उरलेल्या निम्म्यांनी त्यांच्या गुडघ्यांची चौकशी केली.

"एवढं झेपेल का हो तुम्हाला, डोना एतेल्विना?"

"गुडघे माझे आहेत. मुकुट काही त्यांच्यावर ठेवायचा नाहीये."

गुडघ्यांचा प्रश्न मात्र खरा होता. जिना चढवेनासा झाल्यापासून रस्त्याकडेची मोठी खोली हीच त्यांची निजायची खोली झाली होती, आणि मुकुट बसवण्याजोगी खोलीही घरात तेवढीच. म्हणून त्यांनी मुलाला, लीनोला, बोलावून लग्नातला अक्रोडाचा पलंग सुटा करवला, कपाट हलवले, यजमान अवेलिनो यांची तसबीर उतरवली, आणि सपाता व पाणी पिण्याचा पेला यांसकट जे जे म्हणून आपले, ते सगळे लीनोच्या गोठ्याशेजारच्या शेडमध्ये धाडून दिले.

"आई, पलंग कोपऱ्यात सरकवला आणि वरून चादर टाकली तर?" लीनोने विचारून पाहिले.

"घरी पाहुणा आला की त्याच्या उशाशी तू आपले पायमोजे वाळत घालतोस का रे?"

लीनोने पाना उचलला. पन्नाशी ओलांडलेला, मोठा गोठा सांभाळणारा माणूस. पण या घराच्या उंबऱ्याच्या आत त्याचे वय कधी वाढलेच नव्हते.

तेवढ्या आठवड्यापुरत्या डोना एतेल्विना मागच्या घरात निजायला गेल्या. परसातले ते छोटे घर अवेलिनोंनी आपल्या आईसाठी बांधले होते: एक खोली, न्हाणीघर, खिडकीपाशी स्टोव्ह. सासूबाई गेल्यावर ते बंदच होते. पुढे ग्रासा आपल्या लहानग्या झिटाला घेऊन तिथे राहायला आली. ग्रासा साओ जॉर्ज बेटावरची, चीजच्या कारखान्यात पहाटपाळी करणारी, अंगाने बारीक आणि बोलायला हळू. तिला नवरा होता, आता नव्हता. त्याच्याविषयी डोना एतेल्विना चार शब्दांपेक्षा अधिक बोलत नसत, आणि ते चारही इथे लिहिण्यासारखे नाहीत. संध्याकाळी ग्रासा त्यांच्या गुडघ्यांना तेल चोळी, आणि डोना एतेल्विना झिटाला जपमाळेच्या प्रार्थना शिकवीत. यात कोण कुणाचे करते, हे दोघींनीही कधी मोजून पाहिले नव्हते.

मुकुट आला. मोठ्या खोलीत पांढऱ्या साटीनच्या पायऱ्या चढत गेल्या, त्यांवर कागदी फुले, मेणबत्त्या, आणि सर्वांत वर, कबुतर मिरवणारा तो चांदीचा मुकुट. रोज संध्याकाळी जपमाळेला सारे गाव लोटे. गाड्या दोन्ही बाजूंना दूरवर लागत, गाणी रस्त्यापर्यंत ऐकू जात, गोड पावाच्या परातींवर पराती रित्या होत. शेजारच्या घरात त्या वर्षी नवे बिऱ्हाड आले होते. त्यांना मुकुट ठाऊक नव्हता, पण नगरपालिकेचा टेलिफोन ठाऊक होता.

शुक्रवारी सकाळी नगरपालिकेचा निरीक्षक दारात उभा राहिला. प्रुइट त्याचे नाव. चेहऱ्यावर उन्हाचा लाल डाग, हातात पाटीला लावलेले कागद, डोक्यावर टोपी. तो आत पाऊल टाकणार तोच डोना एतेल्विनांनी काठी आडवी धरली.

"टोपी."

"काय म्हणालात?"

"टोपी काढ. आत कोण बसलंय ते दिसत नाही का तुला?"

प्रुइटने आत वाकून पाहिले. आत कुणीच बसलेले नव्हते. तरी त्याने टोपी काढली. तेवढे त्याच्या आईवडिलांनी बरे वळण लावलेले दिसले. मग त्याने गाड्यांची तक्रार सांगितली. रविवारी सगळे उरकेल आणि वर्षभर पुन्हा काही होणार नाही, असे डोना एतेल्विनांनी त्याला आश्वासन दिले, आणि पावाचा एक तुकडा त्याच्या पुढे केला. तो पाव खाऊन निघून गेला असता तर ही गोष्टच घडली नसती. पण हात पुसायला म्हणून तो स्वयंपाकघरात आला, आणि तिथल्या खिडकीतून त्याला परसातल्या दोरीवर वाळत घातलेले झिटाचे झगे दिसले.

"मागे कोणी राहतं का?"

"ग्रासा राहते. ही काय, इथेच उभी आहे."

ग्रासाने कपबशा विसळता विसळता मान लववली. तिचा चेहरा मात्र उतरला. हातात कागद घेऊन आलेल्या माणसांची तिला उपजत भीती होती.

"हे मागचं घर एका अटीवर मंजूर झालेलं असतं, मिसेस ऑर्मोंड," प्रुइट म्हणाला. "दोनपैकी एका घरात मालकाने स्वतः राहायला हवं. नाहीतर मागचं घर भाड्याने देता येत नाही. या घराचे मालक कोण?"

डोना एतेल्विनांनी मोठ्या खोलीकडे पाहिले. मेणबत्त्या जळत होत्या. मुकुट घरात असेपर्यंत त्या घराचा धनी कोण, हा प्रश्न त्यांच्या बेटावर लहान मूलही विचारत नाही.

"तो आतला," त्या म्हणाल्या.

"त्यांचं नाव?"

"मावशी," ग्रासा घाईने म्हणाली, "ते कागदावरच्या मालकाचं विचारताहेत."

"काय विचारतोय ते कळतंय मला. कान शाबूत आहेत अजून." आणि डोना एतेल्विना निरीक्षकाकडे वळल्या. "ऐक. तो मुकुट इथे आहे तोवर हे घर माझं नाही. मी इथे राहत नाही. कळलं?"

"तुम्ही या घरात राहत नाही?"

"नाही म्हणजे नाही. त्याच्यासमोर उभं राहून मी खोटं बोलेन असं वाटतं का तुला?"

"तुमचा पलंग कुठे आहे?"

"शेडमध्ये. मुलाच्या गोठ्यापाशी."

प्रुइटने सगळ्या खोल्या पाहिल्या. पलंग कुठेच नव्हता. मागच्या घरात एक अरुंद खाट होती, ती ग्रासाची. खाली जमिनीवर अंथरलेली गादी मायलेकींची आहे आणि खाटेवर त्या आठवड्यात डोना एतेल्विना निजतात, हे त्याने विचारले नाही आणि त्याला कुणी सांगितले नाही. तो माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या कागदावर पवित्र आत्म्यासाठी रकाना नव्हता, म्हणून त्याने जे ऐकले तेच लिहिले: घरमालकीण स्वतः सांगते की ती इथे राहत नाही.

रविवारी मिरवणूक निघाली, बँड वाजला, मंडळाच्या सभागृहात पावावर पुदिना ठेवून त्यावर मांसाचा रस्सा ओतला गेला आणि अवघे गाव जेवले. मुकुट पुन्हा सभागृहातल्या देव्हाऱ्यात गेला. पलंग परत आला, अवेलिनोंची तसबीर खिळ्यावर चढली. डोना एतेल्विनांच्या दृष्टीने विषय संपला होता.

नगरपालिकेच्या दृष्टीने तो सुरू झाला होता. पत्र आले. मालक राहत नसल्याचे तिच्याच तोंडून सिद्ध झाले आहे, सबब मागचे घर उन्हाळा संपण्याच्या आत रिकामे करावे आणि तिथला स्टोव्ह काढून टाकावा. हरकत असेल तर पुराव्यासह हजर व्हावे.

"पुरावा!" डोना एतेल्विना म्हणाल्या. "माझ्या घरात मी राहते याचा पुरावा! चल लीनो, गाडी काढ."

नगरपालिकेच्या खिडकीमागे एक मुलगी बसली होती, नखे रंगवलेली, आवाज गोड. तिने विजेचे बिल मागितले. बिल अवेलिनोंच्या नावावर होते.

"मग यांना घेऊन या ना एकदा."

"कुठून आणू? स्मशानातून?"

मुलगी ओशाळली, पण नियम ओशाळला नाही. पाण्याचे बिलही अवेलिनोंचेच. नवऱ्याचे नाव खोडायला कार्यालयात जाणे डोना एतेल्विनांना कधी जमले नव्हते, किंवा त्यांनी जमवले नव्हते. गाडीचा परवाना? त्यांनी आयुष्यात गाडी चालवली नव्हती. त्यासाठी आधी नवरा होता, मग मुलगा. टपाल? ते डाकघरातल्या पेटीत येई, कारण गोठ्यावर राहत असताना ती पेटी घेतली आणि अवेलिनोंना तिचा क्रमांक आवडला होता. मतदार यादीत नाव नव्हते, कारण मत द्यायचे ते तेर्सेइराला, असा त्यांचा हट्ट. मुलगी कागद उलटसुलट करत राहिली आणि शेवटी अगदी हळुवारपणे म्हणाली, "बाई, तुम्ही त्या घरात राहता असं कुठंच दिसत नाहीये हो."

"मी दिसतेय ना तुला? ही काय उभी आहे समोर!"

"तुम्ही दिसताय. पण इथे."

परत येताना लीनो गाडी हळू चालवत होता. मग गावाबाहेरच्या वळणावर तो म्हणाला, "आई, हे सगळं एका वाक्यात मिटेल. फक्त एवढंच सांग त्यांना, की त्या दिवशी मी उगाच बोलून गेले. माझ्या म्हणण्याचा अर्थ तसा नव्हता."

"होता."

"अगं, होता, पण त्यांच्यासाठी—"

"मुकुटासमोर मी उगाच बोलत नाही, लीनो. आज त्या खिडकीमागच्या पोरीसाठी शब्द मागे घेतला, तर उद्या त्याच्यापुढे कुठल्या तोंडानं गुडघे टेकू?"

"गुडघे तसेही टेकवत नाहीत तुला," लीनो वैतागून म्हणाला, आणि लगेच पस्तावला. "बरं. मग ग्रासाला सांगू का, सामान बांध म्हणून?"

"रस्त्याकडे बघ," डोना एतेल्विना म्हणाल्या.

सांगायची गरज पडलीच नाही. दोन दिवसांनी परसात चीजच्या कारखान्याचे पुठ्ठ्याचे खोके उन्हात रांगेने मांडलेले दिसले. ग्रासा त्यांतली चीजचा वास लागलेली कागदी अस्तरे सोलून काढत होती. वळचणीला झिटाचे बूट धुऊन ठेवले होते. दूर वाळवंटाकडच्या कुठल्याशा शहरात ग्रासाची चुलत बहीण राहत होती. तिच्या दिवाणखान्यातला सोफा रात्रीपुरता मिळणार होता.

"हे काय चाललंय?"

"काही नाही, मावशी. पुढेमागे लागतील म्हणून."

"कुणी सांगितलं बांधायला?"

ग्रासाने अस्तराची घडी घातली. "माझ्यासाठी तुम्ही आपला शब्द मोडू नका. लीनोभाऊंनी सांगितलं मला सगळं. मी असते तर मीही नसता मोडला."

"तू असतीस तर! तू असतीस तर निरीक्षकाला पाव द्यायच्या आधीच रडली असतीस." त्यांनी काठीने एक खोका उलटा केला. "ठेव ते आत. वास मारतोय सगळ्या परसात."

आत येऊन त्या मोठ्या खोलीत पलंगावर बसल्या. खरे सांगायचे तर त्या दिवशी त्यांना सगळ्यांचाच राग आला: शेजाऱ्यांचा, प्रुइटचा, रंगवलेल्या नखांचा, ती अट मान्य करून सही ठोकणाऱ्या अवेलिनोंचा, आणि इतक्या शहाणपणाने वागणाऱ्या ग्रासाचा तर सर्वांत जास्त. ती भांडली असती, हक्काने रडली असती, तर तिला दटावता आले असते. माणूस स्वतःहून खोके गोळा करू लागला की त्याला काय दटावणार?

सुनावणी नगरपालिकेच्या एका थंडगार खोलीत झाली. सुनावणी घेणाऱ्या मिस तामुरा तिथल्याच एका जुन्या बागायतदार घरातल्या, केस पांढरे होऊ लागलेल्या, बोलणे नेमके. त्यांनी टिपण वाचून दाखवले. एका बाजूला प्रुइट बसला होता, टोपी मांडीवर.

"तुम्ही असं म्हणालात, हे खरं आहे, मिसेस ऑर्मोंड?"

"अक्षर न् अक्षर."

लीनोने डोळे मिटून घेतले.

"म्हणजे त्या आठवड्यात तुमच्या धर्माचा काही विधी होता. माझ्या लक्षात आलंय," मिस तामुरा म्हणाल्या. "आमच्या आजोबांच्या घरीही एक खोली वर्षातून तीन दिवस कुणी वापरायचं नाही. तेव्हा आपण असं करू. ते विधान गैरसमजातून झालं, असं तुम्ही म्हणा. मी ते खोडते. तुम्ही पुढच्या घरात राहता असं प्रतिज्ञेवर लिहून द्या. संपलं."

किती सोपे होते! त्या बाईने दार उघडून धरले होते, नुसते पाऊल टाकायचे होते. डोना एतेल्विनांनी मागे वळून पाहिले. ग्रासा मागच्या बाकावर झिटाचा हात धरून बसली होती. तिने मान हलवली: नको.

तिचे ते मान हलवणे पाहून डोना एतेल्विनांच्या मस्तकात तिडीक गेली.

"खोडू नका," त्या म्हणाल्या. "मी बोलले ते बोलले. मला आधी सांगा, तुमचा नियम काय म्हणतो? मालकाने कुठल्या घरात राहावं?"

"दोनपैकी एका."

"कुठल्या एका? पुढच्या?"

"तसं काही नाही. कुठल्याही."

"आणि दुसरं घर भाड्याने दिलं तर चालतं?"

"चालतं."

"मग लिहा. एतेल्विना ऑर्मोंड मागच्या घरात राहते. ग्रासा आणि तिची पोर पुढच्या घरात."

प्रुइटने टोपी एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर ठेवली.

"आई!" लीनो उभाच राहिला.

"खाली बस. तुला इथे गाडी चालवायला आणलंय, बोलायला नाही."

"मिसेस ऑर्मोंड," मिस तामुरा सावकाश म्हणाल्या, "हे नुसतं लिहून भागत नाही. एकदा लिहिलंत की वर्षातला बहुतेक काळ तिथे खरोखर राहावं लागेल. निरीक्षक येऊन बघतील."

"येऊ दे. टोपी काढून आला म्हणजे झालं."

त्यांनी सही ठसठशीत केली. अडचण आली ती घरी आल्यावर.

अक्रोडाचा पलंग मागच्या घराच्या दारातून आत जाईना. लीनोने तो आडवा केला, तिरका केला, चौकट सोलवटली, शेवटी घाम पुसत म्हणाला, "कापावा लागेल."

"हात तर लाव करवतीला!"

मग पलंग पुढच्या खोलीतच राहिला, आणि ज्या पलंगावर डोना एतेल्विना नवरी होऊन निजल्या, ज्याच्यावर लीनो जन्मला, त्याच्यावर ग्रासाला निजावे लागले. ती पहिले काही दिवस खालीच निजली. ते कळल्यावर त्यांनी तिला फैलावर घेतले. त्यांच्या वाट्याला आली ती ग्रासाची अरुंद खाट. तिच्यावर कूस बदलायची तर आधी विचार करावा लागे. खिडकीतून रस्ता दिसत नसे. दिसे ते आपलेच स्वयंपाकघर, आणि त्यात चुकीच्या फळीवर ठेवलेला कॉफीचा डबा.

"ग्रासा! तो डबा तिथे कुणी ठेवला?"

"तिथे हात पुरतो माझा, मावशी."

"आमचा सगळ्यांचा आजवर वर पुरत होता!"

दिवसातून किती वेळा त्या परस ओलांडून जात, ते त्यांच्या गुडघ्यांनाच ठाऊक. दरवेळी काहीतरी निमित्त असे: मीठ, चष्मा, अवेलिनोंच्या तसबिरीवरची धूळ. ग्रासा दरवेळी उठून उभी राहायची, आणि तिचे ते उभे राहणे त्यांना अधिकच झोंबे. आपल्याच घरात आपल्याला पाहून कुणी उठून उभे राहावे, हा काय मान झाला? मंडळात बायका आता गुडघ्यांऐवजी घराची चौकशी करू लागल्या होत्या. "मागे हवा छान लागत असेल, नाही?" एकीने विचारले. "लागते," डोना एतेल्विना म्हणाल्या. "तुमच्याकडे पुढे राहूनही लागत नाही असं ऐकलंय."

उन्हाळा ओसरल्यावर प्रुइट तपासणीला आला. मागच्या घराच्या दारात पोचण्याआधीच त्याने टोपी काढून हातात घेतली होती. त्याने खाट पाहिली, खाटेखालच्या सपाता, खिळ्यावरची काळी शाल, स्टोव्हवर शिजणारे सूप पाहिले. लीनो आणि ग्रासा दाराशी उभे होते. या बाईच्या तोंडून आता काय बाहेर पडेल याचा त्यांना नेम नव्हता.

"तुम्ही इथे राहता?"

"राहते. तुमच्या कृपेने."

"आणि मालक तुम्हीच?"

त्यांनी क्षणभर पुढच्या घराकडे पाहिले. मोठ्या खोलीच्या खिडकीत मेणबत्त्या नव्हत्या. झिटाची एक बाहुली पडद्यातून डोकावत होती.

"मीच. दोन्ही घरांची."

प्रुइटने कागदावर खूण केली. निघताना तो जरा घुटमळला. "ते गृहस्थ... त्या दिवशी तुम्ही ज्यांना मालक म्हणालात, ते हल्ली कुठे असतात?"

"मंडळाच्या सभागृहात. पुढच्या वर्षी कुणाकडे जातात ते चिठ्ठ्या निघाल्या की कळेल."

हे मात्र त्याने कुठेच लिहिले नाही.

तो गेला, लीनो गाईंकडे गेला, ग्रासा कामाला लागली. डोना एतेल्विनांनी सूप चाखले. पुदिना कमी होता, आणि पुदिन्याची कुंडी पुढच्या घराच्या मागच्या पायरीवर होती. पातेले हातात घेऊनच त्या परस ओलांडून गेल्या. कोपराने दार ढकलले. दार हलले नाही. पोर रस्त्यावर पळते म्हणून ग्रासा हल्ली आतून कडी लावत असे. या दाराला आतून कडी लागलेली आणि आपण बाहेर, असे त्यांच्या आयुष्यात आजवर घडले नव्हते. त्यांनी काठीच्या मुठीने दारावर ठोकले.

"कोण आहे?" आतून झिटाने विचारले.

"कोण असणार? मालकीण!"

कडी उंचावर होती. आत खुर्ची ओढत आणल्याचा आवाज झाला, मग ग्रासाचा, "थांब, पडशील, मी काढते." तेवढा वेळ डोना एतेल्विना ऑर्मोंड आपल्याच पायरीवर उभ्या होत्या. पातेले कठड्यावर टेकवून त्यांनी कुंडीतली पिवळी पडलेली पाने एकेक करून खुडली आणि परसात फेकून दिली. या घरात कुंडीला पाणी घालायचेही कुणाला सुचत नाही.